लंडनला निघालेल्या नातेवाइकांना भेट काय द्यावी?

माझी मावशी आणि काका पहिल्यांदा लंडनला निघाले, तेव्हा निरोप द्यायला आलेल्या प्रत्येकाने रिकाम्या हाताने कसे जायचे म्हणून काही ना काही आणले होते. त्यात एक सोलापुरी चादर होती, शाल-श्रीफळ होते, पेढ्यांचे दोन खोके होते आणि काचेच्या चौकटीतला गणपतीही होता. रात्री बॅग काट्यावर ठेवली तेव्हा ती २७ किलो भरली. विमान कंपनीची मर्यादा २३ किलोची होती. मध्यरात्रीपर्यंतची वेळ बॅगा उपसून पुन्हा भरण्यात गेली, आणि दुसऱ्या दिवशी घराला कुलूप लागले तेव्हा त्या सगळ्या भेटी दिवाणावर तशाच पडून होत्या. देणाऱ्यांचे प्रेम खरे होते, पण प्रवासाची भेट म्हणजे लग्नातला आहेर नव्हे. ती निघालेल्या माणसाच्या खिशात, पर्समध्ये किंवा फोनमध्ये मावली पाहिजे आणि शक्यतो तिकडेच वापरून संपली पाहिजे. हे साधायचे कसे, ते लंडनच्या उदाहरणावरून क्रमाने पाहू.

आधी चौकशी करावी

भेट निवडण्यापूर्वी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. पहिली म्हणजे जाण्याचा महिना, कारण जूनमधले लंडन आणि डिसेंबरमधले लंडन ही जवळजवळ दोन वेगळी गावे आहेत. दुसरी म्हणजे मुक्काम कुठे आहे. सहल कंपनीबरोबर जाणाऱ्यांचे जेवण, बस आणि बहुतेक प्रवेशशुल्क आधीच भरलेले असते, त्यामुळे त्यांना मेट्रोचे कार्ड देण्यात फारसा अर्थ नसतो. मुलाकडे किंवा पुतणीकडे उतरणाऱ्यांना स्वयंपाकघर मिळते, पण दिवसभर एकट्याने फिरावे लागते. आणि हॉटेलात स्वतःच्या हिमतीवर राहणाऱ्यांना सगळ्याच गोष्टी लागतात. तिसरी, थोडी संकोचाची चौकशी म्हणजे व्हिसा हातात आला आहे का. भारतीय पारपत्रावर ब्रिटनला जाण्यासाठी आधी व्हिसा घ्यावा लागतो, त्याचा निर्णय यायला साधारण तीन आठवडे लागतात, आणि तो येण्यापूर्वी ठरावीक तारखेचे, पैसे परत न मिळणारे तिकीट भेट म्हणून काढणे म्हणजे बाजारात तुरी.

या चौकशीवरून भेट केव्हा द्यायची हेही ठरते. चालण्याचे बूट द्यायचे असतील तर ते निघण्याआधी किमान दीड-दोन महिने द्यावेत आणि मापासाठी त्यांना दुकानात बरोबर न्यावे, कारण नवे बूट घालून लंडनमध्ये पहिल्याच दिवशी दहा-बारा हजार पावले चालल्यावर पायाला जे फोड येतात ते उरलेली सहल खाऊन टाकतात. विमा, तिकिटे आणि आरक्षणे व्हिसानंतर करावीत. शेवटच्या आठवड्यात मात्र पाकिटात मावेल तेवढेच द्यावे.

प्रवासाचे कार्ड

माझ्या मते लंडनला जाणाऱ्याला देण्यासारखी सर्वात उपयोगी वस्तू म्हणजे तिथल्या वाहतुकीचे, आधीच पैसे भरलेले ऑयस्टर कार्ड. हे कार्ड २००३ पासून चालू आहे आणि भुयारी रेल्वे, लाल बस तसेच शहरातल्या बहुतेक लोकल गाड्यांवर चालते. लंडनच्या बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे घेतच नाहीत, हे आपल्याकडच्या ज्येष्ठांना कोणी सांगितलेले नसते. कंडक्टरला सुटे देऊ या भरवशावर ते हातात नाणी घेऊन चढतात आणि चालक नम्रपणे मान हलवतो तेव्हा गोंधळतात. तुम्ही स्वतः पूर्वी लंडनला जाऊन आला असाल आणि कपाटात जुने ऑयस्टर कार्ड पडलेले असेल, तर तेच द्यावे. त्यातली शिल्लक मुदतीने बुडत नाही.

कार्डाबरोबर तीन सूचना एका चिठ्ठीवर लिहून द्याव्यात. प्रत्येक माणसाला स्वतंत्र कार्ड लागते. नवराबायकोने एकाच कार्डावर एका फेरीत प्रवास करता येत नाही, म्हणून जोडप्याला दोन कार्डे द्यावीत. भुयारी रेल्वेत आत जाताना आणि बाहेर पडताना असे दोन्ही वेळा कार्ड टेकवायचे असते. बाहेर पडताना विसरल्यास जास्तीचे भाडे कापले जाते. बसमध्ये मात्र फक्त चढताना टेकवायचे. दिवसभरात ठरावीक रकमेच्या पुढे भाडे आकारले जात नाही, त्यामुळे दिवसाचा पास वेगळा काढण्याची गरज सहसा पडत नाही. साठी ओलांडलेल्यांना लंडनमध्ये फुकट प्रवास असतो असे कोणीतरी नक्की सांगेल, पण ती सवलत तिथल्या रहिवाशांसाठी आहे, पाहुण्यांसाठी नाही.

त्यांच्याकडे परदेशात चालणारे बँकेचे किंवा परकीय चलन भरलेले फॉरेक्स कार्ड असेल, तर तेही गेटवर टेकवून प्रवास करता येतो. भारतीय बँकांच्या कार्डांवर परदेशी व्यवहार आणि टॅप करून पैसे देण्याची सोय ग्राहकाने बँकेच्या ॲपमधून स्वतः सुरू करायची असते. शेजारी बसून अर्ध्या तासात ही सोय चालू करून देणे, खर्चाची मर्यादा बेताची ठरवून देणे आणि पासवर्ड कुठे लिहून ठेवू नये हे समजावणे, हीसुद्धा भेटच झाली, आणि तिला दमडीही लागत नाही.

पौंड देताना

पाकिटात थोडे पौंड घालून देण्याची पद्धत चांगली आहे, पण आपल्या जुन्या सहलीतून उरलेल्या नोटा तपासल्याशिवाय देऊ नयेत. बँक ऑफ इंग्लंडच्या कागदी नोटा आता दुकानात चालत नाहीत: पाच पौंडांची कागदी नोट २०१७ मध्ये, दहाची २०१८ मध्ये आणि वीस व पन्नासची ३० सप्टेंबर २०२२ नंतर चलनातून गेली. हाताला प्लॅस्टिकसारखी गुळगुळीत लागणारी, पारदर्शक खिडकी असलेली नोट असेल तरच ती द्यावी. राणी एलिझाबेथ यांचे चित्र असलेल्या अशा नोटा, राजे चार्ल्स यांच्या नोटा २०२४ मध्ये आल्यानंतरही, वैध आहेत. एक पौंडाचे जुने पूर्ण गोल नाणे २०१७ मध्येच बाद झाले. आत्ताचे नाणे बारा कोनांचे आणि दोन रंगांचे आहे. उरलेली चालू नाणी एका छोट्या बटव्यात घालून द्यावीत, कारण काही सार्वजनिक स्वच्छतागृहांत आणि सामानाच्या ट्रॉलीला नाणे लागते. मोठी रक्कम द्यायची असल्यास ती रुपयांत द्यावी आणि परकीय चलन त्यांनी अधिकृत विक्रेत्याकडून स्वतःच्या नावाने घ्यावे, म्हणजे पावती त्यांच्याकडे राहते.

वीज आणि फोन

ब्रिटनमधला विजेचा दाब आपल्यासारखाच २३० व्होल्टचा आहे, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर लागत नाही. फक्त पिना वेगळ्या, जाड आणि चौकोनी असतात. या ‘जी’ प्रकारचे दोन साधे ॲडॅप्टर द्यावेत. जगभर चालणारा म्हणून विकला जाणारा मोठा ठोकळा अनेकदा सैल बसतो आणि जडही असतो. न्हाणीघरात तिथे नेहमीचे सॉकेट नसते, म्हणून केस वाळवायचे यंत्र वगैरे देण्याच्या फंदात पडू नये. हॉटेलच्या खोलीत पाणी तापवायची विजेची किटली बहुधा असतेच. तीही देऊ नये.

पॉवर बँक द्यायची असेल तर ती हातातल्या बॅगेतच न्यावी लागते, मोठ्या बॅगेत चालत नाही. परवानगीशिवाय १०० वॉट-तासांपर्यंतची नेता येते. २०,००० एमएएचची पॉवर बँक सुमारे ७४ वॉट-तासांची असते, म्हणजे तेवढी बिनधास्त द्यावी. १०,००० ची त्याहून हलकी आणि दिवसभराला पुरेशी असते.

फोनसाठी रोमिंगचा पॅक भरून देणे ही उत्तम भेट आहे, कारण भारतीय क्रमांक चालू राहतो आणि बँकेचे ओटीपी येत राहतात. त्यांच्या फोनमध्ये ई-सिमची (वेगळे कार्ड न घालता चालणाऱ्या सिमची) सोय असल्यास नेटसाठी तिकडचे ई-सिम घेऊन भारतीय सिम फक्त संदेशांसाठी चालू ठेवता येते. मात्र हे सगळे घरी, वायफायवर, त्यांच्यासमोर लावून द्यावे. विमानतळावर उतरल्यावर चष्मा शोधत क्यूआर कोड स्कॅन करणे साठीच्या माणसाला जमत नाही असे नाही, पण त्या क्षणी ते कोणालाच नको असते. त्याच बैठकीत लंडनचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवावा आणि मुक्कामाच्या जागेवर खूण करावी.

थंडी, पाऊस आणि उजेड

स्वेटर भेट देण्याचा मोह आवरावा. लंडनच्या हवेचा त्रास कडाक्याच्या थंडीपेक्षा दमट वाऱ्याचा आणि भुरभुर पावसाचा असतो. उन्हाळ्यातही दिवसा वीस-बावीस अंशांच्या आसपास तापमान असते आणि संध्याकाळी अंगात हुडहुडी भरते. पातळ, पाणी न शिरणारे, टोपी असलेले जाकीट घडी होऊन मुठीत मावते आणि छत्रीपेक्षा जास्त कामाला येते, कारण तिथल्या वाऱ्यात छत्री उलटी होते. हिवाळ्यात जाणाऱ्यांना लोकरी मोजे आणि आतून घालायचे थर्मल द्यावे. मावशी किंवा आजी साडीच नेसणार असतील, तर परकराखाली घालायची थर्मल लेगिंग ही अशी भेट आहे की जी स्वतःहून मागायला त्या संकोचतात. आणि तुमच्याकडे चांगला ओव्हरकोट असेल तर तो सरळ उसना द्यावा. मुंबई-पुण्यात एरवी त्याला कपाटाबाहेरचे जग कुठे दिसते?

जूनमध्ये लंडनला सूर्य रात्री सव्वानऊनंतर मावळतो आणि पहाटे पावणेपाचला उगवतो. लवकर झोपणाऱ्यांसाठी डोळ्यांवरची मऊ पट्टी त्या दिवसांत फार उपयोगी पडते. डिसेंबरमध्ये उलट, चारच्या आधीच अंधारते.

काट्याचे घड्याळ वापरणाऱ्या काकांना एक गंमत सांगावी. हिवाळ्यात भारत आणि लंडन यांच्यात साडेपाच तासांचे अंतर असते, आणि भारतीय वेळ लावलेले घड्याळ उलटे धरले तर ते लंडनची वेळ दाखवते. उन्हाळ्यात हे अंतर साडेचार तासांचे होते आणि गंमत एका तासाने चुकते.

खाऊ: काय चालते, काय नाही

इथे सर्वात जास्त चुका होतात. भारतातून ब्रिटनमध्ये मांस आणि दुधाचे पदार्थ प्रवाशाने नेण्यास बंदी आहे. म्हणजे पेढे, बर्फी, खवा, श्रीखंड आणि घरचे साजूक तूप यांपैकी काहीही देऊ नये, मग ते कितीही प्रेमाने केलेले असो. दूध पावडर घातलेल्या तयार चहाच्या पुड्याही टाळाव्यात. तुपातल्या लाडवांबाबत विमानतळावर वाद घालत बसण्यापेक्षा ते निघण्यापूर्वीच घरी खाऊन घ्यावेत.

जे चालते ते आपल्याकडे भरपूर आहे: तेलात तळलेली चकली, भाकरवडी, पातळ पोह्यांचा चिवडा, शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट. मेतकुटाला मी वरचा क्रमांक देईन. दोनशे ग्रॅमची पुडी दोन आठवडे पुरते, गरम भाताशी जेवण होते आणि आजारपणातही चालते. चहाचा कोरडा मसाला छोट्या डबीत द्यावा. हॉटेलच्या किटलीतला बेचव चहा त्याने सुसह्य होतो. पुड्या दुकानाच्या मूळ वेष्टनात, नाव व घटक छापलेल्या असाव्यात. घरच्या पुडीवर निदान चिठ्ठी चिकटवावी. लोणचे द्यायचेच असल्यास ते मोठ्या बॅगेत, दोन पिशव्यांत बांधून. हातातल्या सामानात १०० मिलिलिटरच्या वरचा ओला पदार्थ सुरक्षा तपासणीत काढून घेतला जातो. ओटी भरली तर नारळ घरीच ठेवावा आणि सुके खोबरे तर बॅगेत मुळीच घालू नये. त्यातल्या तेलामुळे ते ज्वालाग्राही मानले जाते.

फार खाऊ बांधून देण्याचीही गरज नाही. युस्टन स्थानकामागची ड्रमंड स्ट्रीट आणि वेम्बलीचा ईलिंग रोड येथे शाकाहारी भारतीय जेवण मिळते. या दोन जागांची नावे लिहून देणे हे चार किलो फराळापेक्षा हलके आहे.

तब्येत आणि एक अवघड विषय

ज्येष्ठांसाठी मुले किंवा भाचे-पुतणे मिळून प्रवास विम्याचा हप्ता भरू शकतात. ब्रिटनमध्ये सरकारी रुग्णालयात दाखल झाल्यास परदेशी पर्यटकाकडून नेहमीच्या दराच्या १५० टक्के आकार घेतला जातो, त्यामुळे ही चैन नव्हे. अर्ज भरताना मधुमेह, रक्तदाब, जुनी शस्त्रक्रिया हे सगळे खरे लिहावे आणि आधीपासूनचे आजार त्यात समाविष्ट आहेत का ते पाहावे; लपवलेल्या आजारावर दावा नाकारला जातो. औषधांसाठी आठवड्याच्या खणांची डबी द्यावी, पण गोळ्यांच्या मूळ पट्ट्या आणि डॉक्टरांची चिठ्ठीही बरोबर ठेवायला सांगावे.

अवघड विषय म्हणजे शौचालय. तिथे पाण्याचा फवारा नसतो. घडी होणारा सिलिकॉनचा मग किंवा दाबून फवारा येणारी छोटी बाटली ही भेट चारचौघांत देण्यासारखी नाही, पण परत आल्यावर सगळ्यात मनापासून आभार तिचेच मानले जातात, हा माझा अनुभव आहे.

तिकिटे आणि मराठी माणसाचे लंडन

एखाद्या स्थळाचे तिकीट द्यायचे असेल तर आधी हे लक्षात घ्यावे की ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम आणि नॅचरल हिस्टरी म्युझियम यांच्या कायमस्वरूपी दालनांना प्रवेशशुल्क नाही. ‘व्ही अँड ए’मध्ये वाघनखे पाहू असे कोणी ठरवून निघत असेल तर त्याला सावध करावे: ती वाघनखे तीन वर्षांच्या कराराने जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्रात आली आणि साताऱ्याच्या संग्रहालयात मांडली गेली. पैसे खर्चायचेच तर क्यू गार्डन्स हे वनस्पतिउद्यान, थेम्समधून ग्रीनिचपर्यंतची बोट किंवा लंडन आय हा नदीकाठचा उंच पाळणा यांवर खर्चावेत. शक्यतो तारीख बदलता येईल असे तिकीट घ्यावे आणि वेळ दुपारची ठेवावी; विमान उतरल्याच्या दिवशी काहीही ठेवू नये.

क्रिकेटवेड्या काकांसाठी लॉर्ड्सच्या मार्गदर्शित फेरीचे तिकीट द्यावे. ही फेरी ड्रेसिंग रूमपर्यंत नेते आणि पाहुण्या संघाच्या खोलीत शतकवीरांच्या नावांचा फलक असतो. दिलीप वेंगसरकर यांनी तिथे १९७९, १९८२ आणि १९८६ अशा लागोपाठच्या तीन कसोटींत शतके केली. २००२ मध्ये अजित आगरकरने आणि २०१४ मध्ये अजिंक्य रहाणेने शतक केले. सचिनला मात्र तिथे कसोटी शतक कधीच करता आले नाही. सामन्यांच्या दिवसांत फेरी सहसा नसते, म्हणून तारीख आधी तपासावी.

याच फेरीला जोडून एक दिवस आखून दिला, तर ती खरोखर दुर्मीळ भेट होते. लॉर्ड्सच्या नैर्ऋत्येला, वॉरिक ॲव्हेन्यू स्थानकाजवळ १० हौली प्लेस हे घर आहे. ब्रिटिश पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोलवरच्या खटल्यासाठी गेलेले लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये तिथे राहिले होते आणि भिंतीवर त्यांच्या नावाची निळी पाटी आहे. तिथून लॉर्ड्स, आणि लॉर्ड्सच्या ईशान्येला प्रिमरोज हिलजवळ १० किंग हेन्रीज रोड, जिथे शिक्षणाच्या काळात १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर राहिले. हे घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेतले. तिन्ही जागा एकाच दिवसात, थोडे चालत आणि थोडे बसने होतात, आणि प्रिमरोज हिलच्या टेकडीवरच्या बाकावर डबा खाताना समोर अख्खे लंडन दिसते. टिळकांचे घर खाजगी आहे, तेव्हा ते बाहेरूनच पाहायचे. आंबेडकरांच्या घराच्या उघडण्याच्या वेळा पाहून घ्याव्यात. आणखी एक दिवस असल्यास हायगेटमधल्या ६५ क्रॉमवेल ॲव्हेन्यूवर सावरकरांच्या नावाची पाटी आहे. गणपतीच्या किंवा दिवाळीच्या सुमारास जाणाऱ्यांना डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळाचा कार्यक्रम पाहून ठेवायला सांगावे. हे मंडळ १९३२ पासूनचे आहे.

खिशातली वही

हा दिवस, हे पत्ते आणि वरच्या सूचना एका तळहाताएवढ्या वहीत स्वतःच्या अक्षरात लिहाव्यात. पहिल्या पानावर मुक्कामाचा पत्ता देवनागरीत आणि रोमन लिपीत, पोस्टकोडसकट असावा. लंडनमध्ये पोस्टकोडवरून टॅक्सीवाला थेट त्या मोजक्या घरांपर्यंत पोहोचतो. तातडीचा क्रमांक ९९९, तिथल्या नातेवाइकांचा क्रमांक, विम्याचा क्रमांक, औषधांतल्या घटकांची नावे आणि ऑल्डविच येथील भारतीय उच्चायुक्तालयाचा पत्ता लिहावा. अक्षर मोठे असावे. फोनची बॅटरी संपली की ही वहीच उरते.

भेट आणि पार्सल

‘तुमच्यासाठी थोडे, आणि आमच्या सोनूसाठी थोडे, तो तिथे जवळच राहतो’ असे म्हणून दिलेला डबा ही भेट नसून पार्सल असते. लंडनमधले ‘जवळच’ म्हणजे दीड तास असू शकते. पाठवायचेच असेल तर आधी विचारावे, वजन किलोत सांगावे, डबा उघडा दाखवावा आणि घ्यायला सोनूने यावे असे ठरवून द्यावे. कोणतीही भेट रंगीत कागदात गुंडाळून देऊ नये. तपासणीत ती फाडावी लागते आणि आत काय आहे हे प्रवाशाला सांगता आले पाहिजे. सामान तोलायचा हातातला छोटा डिजिटल काटा चारपाचशे रुपयांत मिळतो. जाताना तो बॅगेतच राहू द्यावा, कारण परतीच्या वेळी चॉकलेटांचे वजन वाढलेले असते.

परत आल्यावर ॲडॅप्टर, ऑयस्टर कार्डे, नाण्यांचा बटवा आणि ती वही एका पिशवीत घालून ठेवायला सांगावे. आमच्याकडची पिशवी आत्तापर्यंत चार घरांतून फिरून आली आहे, आणि वहीत हॉटेलांच्या नावांपुढे मावशीच्या अक्षरात शेरे पडले आहेत: ‘लिफ्ट नाही’, ‘नाश्ता बरा’, ‘पुन्हा येथे उतरू नये’.